क्रीडा दैनिकातली आरोग्याची पानं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रीडा दैनिकाच्या डेस्कवर मी बरीच वर्षं रात्रपाळी केली, नंतर आरोग्याचं पान सांभाळलं. वाचकांच्या पत्रांत फिरून फिरून हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवतो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत. शरीराबद्दल क्रीडा दैनिकाचा पहिला प्रश्न असतो, "शनिवारी खेळणार का?" तुमचा प्रश्न असतो, "मला बरं वाटेल का?" दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

१. क्रीडा दैनिकात आरोग्याच्या नावाखाली नेमकं काय काय येतं?

तीन वेगळ्या गोष्टी शेजारीशेजारी बसलेल्या असतात: खेळाडूंच्या दुखापती आणि आजारपणं, उत्तेजकांची प्रकरणं, आणि वाचकासाठी व्यायाम, आहार, झोप यांवरचा मजकूर. पहिल्या दोन गोष्टी क्रीडा बातमीदार लिहितात. तिसरी बहुतेकदा पुरवणीचं खातं किंवा बाहेरचे लेखक लिहितात. एकाच दैनिकात असल्या तरी तिन्हींची छाननी सारखी होत नाही, हे वाचताना ध्यानात ठेवा.

शरीराचा विषय या दैनिकांत पहिल्यापासून आहे. इटलीचं 'ला गाझेत्ता देल्लो स्पोर्त' १८९६ मध्ये निघालं ते सायकलिंगच्या जोरावर. फ्रान्सच्या 'लोतो'ने १९०३ मध्ये टूर द फ्रान्स ही शर्यतच सुरू केली. माणूस किती ताण सोसू शकतो, याच कुतूहलावर ही वृत्तपत्रं खपली. 'लोतो'च्या जागी १९४६ मध्ये 'लेकिप' आलं, आणि ऑगस्ट २००५ मध्ये त्याच 'लेकिप'ने सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या १९९९ च्या नमुन्यांत ईपीओ (रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं उत्तेजक) सापडल्याची बातमी पहिल्या पानावर छापली. दैनिक आणि शर्यत एकाच समूहाच्या मालकीची असताना ही बातमी आली. आर्मस्ट्राँगने कबुली दिली ती २०१३ मध्ये. क्रीडा दैनिकं फक्त जयजयकार करतात असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो.

२. "दोन ते तीन आठवडे मैदानाबाहेर" हा आकडा ठरवतं कोण?

कधी संघाचे डॉक्टर, कधी खेळाडूचा एजंट, कधी प्रशिक्षक, आणि पुष्कळदा बातमीदार स्वतः. गेल्या मोसमात अशाच दुखापतीला किती दिवस लागले होते, ते आठवून तो आकडा लिहितो. यातला प्रत्येक जण आपापल्या कारणाने आकडा लहान किंवा मोठा सांगू शकतो. एजंटला खेळाडूची किंमत टिकवायची असते. प्रशिक्षकाला समोरच्या संघाला अंधारात ठेवायचं असतं.

वैद्यकीय बाजूनेही हा आकडा ठाम नसतो. स्नायूच्या दुखापतीत पहिल्या काही तासांत सूज आणि रक्तस्राव यांमुळे चित्र धूसर असतं, म्हणून स्कॅन अनेकदा एखाद-दोन दिवस थांबून करतात. पण बातमी मात्र त्याच रात्री छापायची असते. आमच्या डेस्कवर एक नियम होता आणि तो मला आजही पटतो: आठवड्यांचा आकडा लिहायचा तर तो कोणी सांगितला हे त्याच वाक्यात लिहायचं. असं नाव नसलेला आकडा दिसला की तो अंदाज समजा.

३. क्लबच्या वैद्यकीय पत्रकातली भाषा कशी वाचायची?

नेहमीच्या साच्यातलं एक पत्रक समोर घेऊ: "डाव्या मांडीच्या मागच्या स्नायूत त्रास जाणवल्याने खेळाडूला खबरदारी म्हणून बदलण्यात आलं. पुढील तपासण्या होतील आणि प्रगतीवर लक्ष ठेवलं जाईल."

'त्रास' हा शब्द निदान नाही. खेळाडूने काय सांगितलं, एवढंच त्यातून कळतं. 'खबरदारी म्हणून' हे खरं असू शकतं, पण खेळाडू लंगडत बाहेर गेला असेल तरी तेच शब्द वापरले जातात. 'पुढील तपासण्या' म्हणजे स्कॅन अजून व्हायचा आहे. 'प्रगतीवर लक्ष ठेवलं जाईल' म्हणजे परतण्याची तारीख कोणालाच बांधून घ्यायची नाही. यानंतर पत्रकात काय नाही ते पाहा. इजा कितव्या श्रेणीची आहे हे नाही. नुसता स्नायू दुखावला आहे की इजा आतल्या कंडरेपर्यंत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीपर्यंत) गेली आहे, हेही नाही. हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे याच मांडीमागच्या स्नायूंच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची, कारण कंडरा दुखावली की परतायला सहसा जास्त वेळ लागतो आणि तीच दुखापत उलटण्याचा धोका वाढतो.

'यशस्वी शस्त्रक्रिया' या शब्दांचंही तसंच आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी यश म्हणजे ठरलेलं काम टेबलावर नीट पार पडलं. गुडघा खरंच यशस्वी झाला का, हे पुढच्या वर्षी कळतं.

४. तो खेळाडू एसीएलच्या (गुडघ्यातल्या एका मुख्य अस्थिबंधाच्या) शस्त्रक्रियेनंतर सहा-सात महिन्यांत परतला. मला डॉक्टर नऊ ते बारा महिने का सांगतात?

कारण तुमचे डॉक्टर दुसऱ्यांदा गुडघा जाऊ नये याची काळजी घेताहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका अभ्यासात दिसलं की शस्त्रक्रियेनंतर नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जेवढे महिने लांबवलं, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटत गेलं. नऊ महिन्यांनंतर थांबण्याचा असा वाढीव फायदा दिसला नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दोन्ही पायांत जवळजवळ सारखी होईपर्यंत थांबलेल्यांनाही कमी इजा झाल्या.

लवकर परतलेला खेळाडू हीच बातमी असते. वेळेवर परतलेला दोन ओळींत येतो, आणि परतूच न शकलेला हळूहळू पानावरून नाहीसा होतो. वाचकाच्या डोक्यात मग सहा महिने हेच सर्वसाधारण होऊन बसतात. शिवाय त्या खेळाडूच्या दिमतीला रोज फिजिओ असतो, आणि पुनर्वसन हीच त्याची त्या काळातली नोकरी असते. तुम्ही आठ तास काम करून संध्याकाळी व्यायाम करणार.

५. खेळाडू अंगाला रंगीत पट्ट्या लावतात, कपिंग (कपांनी त्वचा ओढून धरण्याचा उपाय) करून घेतात. त्याअर्थी त्यांचा उपयोग होत असणारच ना?

फोटोत दिसतं म्हणून उपयोग सिद्ध होत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर रंगीत टेप जगभर पसरली. २०१६ मध्ये रिओत जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवरचे जांभळे गोल सगळ्या दैनिकांत छापले गेले आणि कपिंग घराघरांत पोचलं. दोन्ही उपायांवर अभ्यास झाले आहेत. त्यांत दिसलेले फायदे बहुतेक लहान, थोडा वेळ टिकणारे आणि "बरं वाटलं" या सदरातले आहेत. बरं वाटणं याला किंमत आहेच, विशेषतः अंतिम फेरीच्या आदल्या रात्री. पण फेल्प्स जिंकला तो त्या गोलांमुळे, असं सुचवणारा मथळा चुकीचाच.

अव्वल खेळाडू एकाच वेळी दहा गोष्टी करत असतो आणि फोटोत त्यातली एकच येते. झोपेचा फोटो कोण काढणार?

६. आरोग्याच्या पानावर सप्लिमेंटची शिफारस आणि खाली त्याच कंपनीची जाहिरात. विश्वास ठेवावा का?

आधी मजकुरावर 'प्रायोजित', 'सहयोगाने', 'उपक्रम' असा बारीक अक्षरातला शब्द आहे का ते शोधा. असेल तर ती जाहिरातच. लेखकाचं नाव नसेल तर संशय आणखी वाढवा. मी पान सांभाळत असताना जाहिरात विभागाकडून तयार मजकूर यायचा. तो अंकाच्याच टाइपात लागू नये म्हणून दर वेळी वाद घालावा लागे आणि प्रत्येक वाद मी जिंकलो नाही. त्याचं वाईट आजही वाटतं.

मजकूर म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१८ मध्ये तज्ज्ञांचं एकमत प्रसिद्ध केलं. कामगिरीवर थेट परिणाम करण्याचा चांगला पुरावा असलेली पूरकं त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली: कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अ‍ॅलनिन, सोडियम बायकार्बोनेट. तीही ठरावीक खेळांत आणि ठरावीक मात्रेत. डब्यात लेबलवर नसलेलं काही मिसळलेलं असण्याचा धोका वेगळाच. त्यातूनच कित्येक खेळाडू उत्तेजक चाचणीत अडकले आहेत.

७. "माजी फुटबॉलपटूंना मेंदूविकाराचा धोका साडेतीन पट" हे वाचून मुलाचा फुटबॉल बंद करावा का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो विचारणाऱ्या आईवडिलांची धास्ती मला कळते, म्हणून सविस्तर लिहितो.

हा आकडा खरा आहे. २०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना सुमारे २३,००० सामान्य लोकांशी केली. मृत्यूचं मुख्य कारण म्हणून मेंदूचा ऱ्हास करणारा आजार खेळाडूंमध्ये १.७ टक्के जणांत नोंदला होता, इतरांत ०.५ टक्के. हिशेबात वय वगैरे धरलं की ते साडेतीन पट होतं. आता तेच दुसऱ्या तऱ्हेने लिहून पाहा: हजार जणांमागे पाचऐवजी सतरा. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पहिलं वाचून छातीत धस्स होतं, दुसरं वाचून माणूस विचार करायला बसतो. चांगल्या बातमीत दोन्ही हवीत. पण मथळ्यात जागा एकाच आकड्याला असते आणि 'साडेतीन पट' तिथे चपखल बसतं.

याच अभ्यासातली दुसरी बाजू फारच थोड्या दैनिकांनी वर घेतली. त्या खेळाडूंमध्ये हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी होते, आणि वयाच्या सत्तरीपर्यंत एकूण मृत्यूही कमी होते. शिवाय हे सगळे व्यावसायिक खेळाडू, १९०० ते १९७६ दरम्यान जन्मलेले पुरुष. कोणी किती हेडर (डोक्याने चेंडू मारणं) मारले हे या अभ्यासात मोजलेलं नव्हतं, त्यामुळे "हेडरमुळे स्मृतिभ्रंश" हा मथळा अभ्यासाच्या पुढे धावतो. हेडरवर संशय घ्यायला जागा आहे आणि लहान मुलांच्या सरावात हेडर कमी करणं मला शहाणपणाचं वाटतं. पण आठवड्यातून दोनदा मैदानावर धावणाऱ्या मुलाचा खेळ या एका आकड्यावरून बंद करू नका.

८. "१११ पैकी ११० खेळाडूंच्या मेंदूत आजार" ही बातमी मग काय सांगते?

हा २०१७ चा अभ्यास, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल खेळाडूंचा. सीटीई या, डोक्याला वारंवार मार बसण्याशी जोडलेल्या मेंदूविकाराचं खात्रीचं निदान अजून मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. ते मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते, आणि खेळाडूच्या वागण्यात बदल दिसलेली कुटुंबंच दानाला जास्त पुढे येतात. म्हणून हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. संशोधकांनी स्वतः हे लिहिलं होतं, पण मथळ्यांत ते उतरलं नाही. तरी धोका खोटा ठरत नाही, फक्त तो किती हे या आकड्यातून कळत नाही. टक्के आणि पट यांसाठी प्रश्न ७ पाहा.

९. बातमी बरी असते, मथळाच भडक. असं का?

कारण बातमी लिहिणारा आणि मथळा देणारा सहसा वेगळे असतात. रात्री पावणेबारा वाजलेले, पान सुटायला दहा मिनिटं, आणि मथळ्याच्या जागेत बसतात वीस-बावीस अक्षरं. 'मुळे होण्याची शक्यता वाढत असल्याचे दिसते' तिथे मावत नाही, 'मुळे' मावतं. असं 'मुळे' मी स्वतः लावलेलं आहे. दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांचा फोन आला, आवाज न चढवता त्यांनी चूक समजावली. तेव्हापासून मी 'आणि' वापरू लागलो: 'झोप आणि दुखापती', 'हेडर आणि स्मृती'. जागा तेवढीच लागते आणि खोटं बोलावं लागत नाही.

सगळा दोष डेस्कचा मात्र नाही. २०१४ मध्ये ब्रिटनच्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासली गेली. सुमारे ४० टक्के पत्रकांतला सल्ला मूळ शोधनिबंधापेक्षा वाढवून लिहिलेला होता, आणि पत्रक फुगलेलं असलं की बातमीही फुगलेली निघण्याची शक्यता फार जास्त होती.

१०. खेळाडू मैदानात कोसळला की लगेच 'हार्ट अटॅक' छापतात. ते बरोबर असतं का?

बहुतेक वेळा नाही, आणि हा फरक जीव वाचवणारा आहे. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी बंद होणं. असा माणूस अनेकदा शुद्धीवर असतो, छातीत दुखतं म्हणून सांगतो. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे हृदयाची विद्युत लय बिघडून रक्त ढकलणंच थांबणं. माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला त्याच मिनिटाला छातीवर दाब आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र) लागतो.

१२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला तो कार्डिअ‍ॅक अरेस्टने. मैदानावरच छाती दाबली, शॉक दिला, तो वाचला. नंतर त्याच्या शरीरात लय सांभाळणारं यंत्र बसवलं. इटलीच्या नियमांत ते यंत्र घेऊन खेळण्याची मुभा नसल्याने तिथल्या इंटर या क्लबशी त्याचा करार संपला आणि तो इंग्लंडमध्ये खेळू लागला. २ जानेवारी २०२३ ला एनएफएलच्या सामन्यात डमार हॅमलिन पडला त्याचं कारण आणखी वेगळं: ठोक्याच्या चक्रातल्या एका अत्यंत छोट्या क्षणी छातीवर बसलेला आघात, ज्याला कोमोशिओ कॉर्डिस म्हणतात. तोही वाचला आणि परत खेळला.

कारण कळायला दिवस लागतात, अफवेला मिनिटं पुरतात. एरिक्सनच्या वेळी लस घेतल्यामुळे झालं असं पसरलं. त्याने लस घेतलेलीच नाही, असं इंटरच्या संचालकांनी सांगितलं तेव्हा ती अफवा जगभर पोचली होती. पहिल्या रात्रीच्या बातमीत कारण दिलेलं दिसलं तर त्यावर फुली मारा आणि मैदानात कोणी काय केलं तेवढंच वाचा. तो भाग पाहिलेला असतो.

११. मग प्रत्येक खेळाडूचा ईसीजी सक्तीचा करावा का? बातम्यांत दोन्ही बाजू दिसतात.

दोन्ही बाजूंना आधार आहे. इटलीने १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना तपासणी सक्तीची केली, आणि तिथल्या व्हेनेतो भागात तरुण खेळाडूंचे आकस्मिक मृत्यू पुढच्या दोन दशकांत ८९ टक्क्यांनी घटल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. इस्रायलने १९९७ मध्ये सक्ती केली. तिथे २०११ च्या अभ्यासात आधीच्या आणि नंतरच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

या दुसऱ्या अभ्यासातली एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असावी. घटना मोजण्यासाठी संशोधकांनी तिथल्या दोन मुख्य दैनिकांचे अंक चाळले. कोपऱ्यातल्या चार ओळींच्या बातम्या हीच त्यांची नोंदवही होती. एखादी घटना छापलीच गेली नसेल, तर ती त्या अभ्यासातही नाही.

१२. खेळाडूचा आजार छापायचा दैनिकाला अधिकार आहे का?

गुडघा दुखतोय म्हणून तो खेळणार नाही, इथपर्यंत आहे असं मी मानतो. त्याच्या कामाशी संबंध नसलेला आजार हे त्याचं घर आहे. आर्थर अ‍ॅशला १९८३ च्या हृदयशस्त्रक्रियेत दिलेल्या रक्तातून एचआयव्हीची लागण झाली होती. टेनिस त्याने कधीच सोडलेलं होतं. एका दैनिकाने विचारणा सुरू केली, म्हणून ८ एप्रिल १९९२ ला त्याला पत्रकार परिषद घेऊन ते सांगावं लागलं. वर्षभराच्या आत तो गेला. ती बातमी छापून वाचकाला काय मिळालं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आज युरोपीय संघाच्या कायद्यात आरोग्याची माहिती विशेष संरक्षित प्रकारात मोडते, तरी पत्रकारितेला काही सवलती आहेत. म्हणजे शेवटी निर्णय संपादकाच्या टेबलावरच होतो.

१३. मानसिक आरोग्याच्या बातम्या वेगळ्या लिहायला हव्यात का?

हो. २०२१ मध्ये टेनिसपटू नाओमी ओसाकाने फ्रेंच ओपनमध्ये पत्रकार परिषद टाळली, तिला १५,००० डॉलर दंड झाला आणि तिने स्पर्धाच सोडली. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सला हवेत आपलं शरीर कुठे आहे याचं भान राहीना, म्हणून ती सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली. त्या अवस्थेत उडी मारली तर मान मोडू शकते. तरीही काही ठिकाणी 'माघार', 'दडपणाखाली कोलमडली' असे शब्द आले. मोडलेल्या पायाला आपण 'कोलमडला' म्हणत नाही. आत्महत्येच्या बातमीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना स्पष्ट आहेत: पद्धत आणि जागेचं वर्णन नको, एकच कारण चिकटवणं नको, मदत कुठे मिळेल ते द्या.

१४. बंदी असलेलं औषध घेऊनही कारवाई नाही. म्हणजे दडपलं ना?

तसं असेलच असं नाही. खऱ्या आजारासाठी बंदी असलेलं औषध लागत असेल तर नियमांत वैद्यकीय सवलत मागता येते. सप्टेंबर २०१६ मध्ये हॅकर्सनी वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नोंदी फोडल्या आणि अशा सवलतींची यादी उघड केली. त्यात बाइल्सचं नाव होतं. लहानपणापासून एडीएचडीसाठी (एकाग्रता न टिकण्याच्या विकारासाठी) औषध घेते आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं तिने लगेच सांगितलं. सवलतींचा गैरवापर होतो का, हा प्रश्न रास्तच आहे. पण चोरलेली यादी तशीच छापणं म्हणजे निरपराध माणसाचा केसपेपर चव्हाट्यावर टांगणं.

१५. खेळाडू स्वतः "मी ठणठणीत आहे" म्हणतो आणि बातमी म्हणते गंभीर. खरं कोणाचं?

गुडघा, घोटा, पाठ असेल तर खेळाडूचं ऐका, प्रश्न ३ मधली काळजी घेऊन. डोक्याला मार लागला असेल तर त्याचं म्हणणं पुरावा म्हणून धरू नका, कारण ज्या अवयवाने तो उत्तर देतोय तोच दुखावलेला असतो. म्हणूनच कन्कशनची (डोक्याच्या माराने मेंदूला बसलेल्या हादऱ्याची) शंका आली तरी खेळाडूला त्या दिवशी परत मैदानात पाठवू नये, असं तज्ज्ञांचं एकमत आहे.

२०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सतराव्या मिनिटाला जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरच्या डोक्याला जोरदार धक्का बसला. तो उठला, खेळत राहिला, आणि एकतिसाव्या मिनिटाला त्याला बाहेर नेलं. दुसऱ्या दिवशी सगळी पहिली पानं ११३ व्या मिनिटाला गोल करणाऱ्या मारिओ ग्योत्झेची होती, आणि ते साहजिकच होतं. क्रामरची ती चौदा मिनिटं कळली ती नंतर, पंच निकोला रित्सोली 'गाझेत्ता'शी बोलले तेव्हा. धक्का बसल्यावर थोड्याच वेळात क्रामर त्यांच्याजवळ आला आणि विचारू लागला: "पंच, ही फायनल आहे का?"